वाचनालयाच्या दारावर दुकानाची पाटी



गेल्या पावसाळ्यात भोकरदन तालुक्यातल्या एका वस्तीत विहाराच्या वाचनालयाची बैठक झाली. वाचनालय म्हणजे विहाराच्या मागची एक खोली, दोन लोखंडी कपाटं, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पंधरा-वीस पोरं-पोरी आणि वर्गणीतून घेतलेला एक पंखा. बैठकीत एका पोरानं प्रस्ताव मांडला. पुस्तकं ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीची योजना आहे. वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कंपनीची लिंक टाकायची. तिच्यावरून कुणी पुस्तक घेतलं की विक्रीतला थोडा वाटा वाचनालयाला. वाचकांची नावं आणि मोबाइल नंबर दिले तर कंपनी त्यांना आवडतील अशी पुस्तकं परस्पर सुचवत राहणार.

"ताई, वाचनालयाला बसून पैसे येतेत. आपल्या खिशातून काय जायलंय?" तो म्हणाला.

मी लगेच विरोध केला. कंपन्या, नफा, डेटा असं बरंच बोलले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आबांनी मला अडवलं. आबांनी पंचवीस वर्षं १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जमिनीवर पोतं अंथरून पुस्तकं विकली आहेत. म्हणाले, "पुस्तक विकणं वाईट व्हय गं पोरी? मग मी जन्मभर काय पाप केलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. बैठक पुढच्या रविवारवर गेली. तो आठवडा मी आपल्याच चळवळीचा इतिहास पुस्तक, दुकान आणि वाचनालय या तीन शब्दांभोवती पुन्हा वाचण्यात घालवला. जे हाती लागलं ते मांडते.

पहिली गोष्ट आबांच्या बाजूची. बाबासाहेब स्वतः पुस्तकांच्या बाजारातले मोठे गिऱ्हाईक होते. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. १९१७ मध्ये लंडनहून परतताना पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती. महायुद्ध चालू होतं, ती बोट पाणतीरानं बुडवली. तरी माणूस थांबला नाही. दादरचं राजगृह त्यांनी बांधलं ते पुस्तकांना जागा पुरावी म्हणून. हा संग्रह पैसे मोजून घेतलेला होता. दुकानदार पैसे बघतो, जात विचारत नाही, असं आपल्यातले बरेच लोक आजही म्हणतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकवाल्याला महार म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पण पुण्याच्या बाजाराला ते चांगलं ठाऊक होतं. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघालं. त्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. नवं पाक्षिक निघतंय हे लोकांना कळावं म्हणून ‘केसरी’कडे जाहिरात पाठवली, पैसे द्यायची तयारी दाखवली. ‘केसरी’नं तरीही जाहिरात छापायला नकार दिला. पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये बाबासाहेबांनी ही हकीकत लिहून ठेवली. बाजारात पैसा चालतो हे खरं, पण बाजाराच्या वेशीवर कोण उभं आहे, त्यावर कुणाचा पैसा चालतो हे ठरतं. आजची लिंक ही एक जाहिरातच आहे. फरक एवढाच की तेव्हा आपली जाहिरात दुसऱ्याच्या दारावर लागत नव्हती, आज दुसऱ्याची जाहिरात आपल्या दारावर लावायला सांगतायत.

मग वाचनालयांचं काय? आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयाचा इतिहास मोठ्या अभिमानानं सांगितला जातो. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८. इंग्रज अधिकारी आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी यांनी मिळून काढलेली, वर्गणीवर चालणारी. नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. त्या ‘जनरल’मध्ये कोण कोण येत होतं हे शताब्दीच्या स्मरणिकांत फारसं सापडत नाही. पुण्यात हे वाचनालय निघालं त्याच १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. एका शहरात, एकाच वर्षी, दोन दारं उघडली. कोणत्या दारावर शेण पडलं ते आपल्याला माहीत आहे.

जोतिबांचाच दुसरा अनुभव इथे जास्त उपयोगाचा आहे. १८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. दक्षिणा फंड मूळ पेशवाईतला, ब्राह्मणांना दान वाटण्याचा. इंग्रजी अमलात त्यातली काही रक्कम चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षीस म्हणून देऊ लागले. पैसा रयतेचा, पण ग्रंथ निवडणारी कमिटी कुणाची? नाटक नाकारलं गेलं आणि त्या कमिटीत कुणाचं चालत होतं हे जोतिबांनी ‘गुलामगिरी’त लिहिलं. दीडशे वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे: कोणतं पुस्तक वाचकापुढे यावं हे ठरवतं कोण? तेव्हा कमिटी ठरवत होती. आज कंपनीच्या यंत्रातला हिशोब ठरवणार आहे, आणि त्या हिशोबात सगळ्यात वर काय येतं? जे खपतं ते, किंवा ज्याच्या प्रकाशकानं वर येण्याचे पैसे मोजलेत ते. गावातल्या कवीनं स्वखर्चानं छापलेली आंबेडकरी जलशाची पुस्तिका त्या यादीत कधीच वर येणार नाही.

बाबासाहेबांनी यावर काय केलं? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोल्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असा. याच ठरावाच्या बळावर पुढे चवदार तळ्याचा संगर उभा राहिला. या यादीत वाचनालय नाही. पाण्यासारखं ते तेव्हा कुणाला जिवाचं वाटलं नसावं. पण पुढच्याच वर्षी, २० जुलै १९२४ रोजी, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालयं आणि अभ्यासवर्ग स्पष्ट शब्दांत आले. सभेनं मुंबईत एक वाचनालय चालवलंही, आणि ते मोफत होतं. सभेकडे पैशाची चणचण होती, ‘बहिष्कृत भारत’ तर पुढे १९२९ मध्ये पैशाअभावी बंदच पडलं. इतकी ओढाताण असताना वाचनालयाला शुल्क लावलं नाही. मी या एका शब्दावर थांबले: मोफत. बाबासाहेबांनी ज्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिका गाठली, त्यांच्याच बडोदा संस्थानात १९१० पासून सरकारी खर्चानं वाचनालयांचं जाळं उभं राहत होतं, पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत होत्या. वाचनालय म्हणजे वाचकाच्या खिशाकडे न बघणारी जागा, ही कल्पना बाबासाहेबांच्या काळात हवेतली नव्हती.

उलट, विकायची पुस्तकं त्यांनी विकलीच. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं अधिवेशन रद्द केल्यावर ते भाषण त्यांनी स्वखर्चानं छापलं. किंमत आठ आणे. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं की ही किंमत जास्त आहे, दोन आणे किंवा निदान चार आणे करावी. (पुस्तकातल्या विचारांवर बोलण्याआधी किमतीवर बोलण्याची सवय तेव्हापासूनच आहे म्हणायची.) आठ आणे किमतीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. म्हणजे बाबासाहेबांच्या व्यवहारात दोन गोष्टी वेगवेगळ्या होत्या. पुस्तक विकायचं, तर उघड किंमत लावून विकायचं. वाचनालय चालवायचं, तर मोफत चालवायचं. एकाच दारात दोन्ही धंदे त्यांनी मांडले नाहीत.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. इथे निजामाचं राज्य होतं. मराठी वाचनालयं मोजकी, परभणीचं गणेश वाचनालय १९०१ चं, त्यातलं एक जुनं नाव. सभा-संमेलनांवर बंधनं असल्यानं वाचनालय हीच लोकांनी एकत्र यायची जागा झाली, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात या वाचनालयांचं नाव आदरानं घेतलं जातं. घ्यावंच. पण जालना, अंबड, भोकरदनच्या महारवाड्यातल्या पोराला पुस्तकांनी भरलेली मोठी खोली आपली म्हणून पहिल्यांदा दिसली ती नागसेनवनात, १९५० मध्ये औरंगाबादला बाबासाहेबांनी कॉलेज सुरू केल्यानंतर. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. त्या मातीतून दलित साहित्याची एक अख्खी पिढी उठली. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ औरंगाबादहूनच निघायचं, आणि ते मोठ्या दुकानांच्या भरवशावर कधीच नव्हतं. वर्गणीदार, टपाल आणि हातोहात पोहोचवणारे कार्यकर्ते यांच्यावर ते जगलं.

गावात मात्र चित्र फार बदललं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यानं अ, ब, क, ड असे वर्ग आले, अनुदान आलं. माझ्या लहानपणी गावचं वाचनालय मारुतीच्या पाराला लागून होतं. बंदी कुणी घातली नव्हती. तरी आमच्या वस्तीतला एकही माणूस तिथे पेपर वाचायला बसलेला मी पाहिला नाही. कार्यकारिणी पिढ्यान्‌पिढ्या दोन घरांत. ड वर्गाच्या वाचनालयाला २०१२ नंतर दहा वर्षं वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते, त्यात ग्रंथपालाचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं, सगळं बसवायचं. नंतर त्यात ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ४८ हजार. आमच्यासारख्या विहारातल्या वाचनालयांना तेही नाही, कारण २०१२ च्या राज्यभरच्या पडताळणीनंतर नव्या मान्यता कित्येक वर्षं अडकून पडल्या. कागदावरची बोगस वाचनालयं पकडायला ती पडताळणी झाली, ते योग्यच होतं. पण शिक्षा कुणाला झाली? ज्यांची नावं अजून कागदावर आलीच नव्हती त्यांना.

आणि दुकानदारांशी लागेबांधे ही ऑनलाइनवाल्यांनी आणलेली नवी गोष्ट आहे असंही नाही. ग्रंथव्यवहारातल्या कुणालाही विचारा. खास वाचनालयांसाठी म्हणून जाड पुठ्ठ्याची, फुगवलेल्या किमतीची पुस्तकं निघतात. छापील किमतीवर मोठं कमिशन सुटतं. बिल पूर्ण रकमेचं, कमिशन कुणाच्या खिशात ते त्या त्या गावाला माहीत. अशा वाचनालयात पुस्तकं वाचकासाठी येत नाहीत, कमिशनसाठी येतात. वीस वर्षं कुणी न उघडलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या पानांच्या ग्रंथांची कपाटं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून आमच्या पोराचा प्रस्ताव ऐकताना मला तो गंध आला. त्याच्या मनात लबाडी नव्हती, त्याला पंख्याचं बिल भरायचं होतं. पण कमिशनवर चालणाऱ्या वाचनालयाचं काय होतं हे या जिल्ह्याला नवं नाही.

आता मूळ मुद्दा. लिंकमुळे वाचनालयाला पैसे कधी मिळतील? वाचकानं पुस्तक विकत घेतलं तरच. वाचक विकत कधी घेईल? ते आपल्या कपाटात नसेल तेव्हाच. म्हणजे ज्या दिवशी वाचनालय विक्रीतला वाटा घेऊ लागतं, त्या दिवसापासून रिकामं कपाट त्याच्या फायद्याचं होतं. पाचशे रुपयांचं पुस्तक घेऊन ते चाळीस जणांना वाचायला देणं हा तोटा, आणि चाळीस जणांना लिंक पाठवणं ही कमाई. हे आज कुणी मुद्दाम करणार नाही, पण दरवर्षीच्या ताळेबंदात हा आकडा दिसू लागला की कार्यकारिणीचं मन हळूहळू तिकडेच वळतं. आणि ज्या घरात रोजंदारीचे तीनशे-चारशे रुपये संध्याकाळच्या किराण्यात संपतात, त्या घरातल्या पोरीला लिंकचा उपयोग काय?

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण बाबासाहेबांच्याच ग्रंथांचं आहे. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. स्वस्त, जाड, साधे. चौथ्या खंडातल्या ‘रिडल्स’वरून १९८७-८८ मध्ये रान पेटवलं गेलं, तेव्हा मुंबईत लाखोंचा मोर्चा काढून आपल्या लोकांनी तो खंड वाचवला. मोर्चातल्या कित्येकांना तो वाचताही येत नव्हता. आणि पुढे? लोकांची मागणी बघून ९ लाख प्रती छापायचं ठरलं, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला आणि छापल्या गेल्या ३३ हजार, अशी बातमी ‘लोकसत्ता’नं दिली. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिची स्वतःहून दखल घेतली. सरकार छापत नाही, म्हणून खंड मिळत नाहीत. मिळत नाहीत, म्हणून तेच खंड ऑनलाइन छापील किमतीच्या कितीतरी पट भावानं दिसतात. अशा वेळी विहाराच्या वाचनालयानं ती लिंक फिरवून वाटा घ्यायचा? टंचाई जितकी मोठी, तितका आपला वाटा मोठा! मग खंड छापा म्हणून कलेक्टर कचेरीवर आपण कोणत्या तोंडानं जायचं?

जगातही हा वाद झालेला आहे. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेतल्या अकरा हजारांवर वाचनालयांतून किंडलवर पुस्तक उसनं घेण्याची सोय झाली. पण घ्यायला जावं लागे ॲमेझॉनच्या पानावर, आणि मुदत संपली की पुस्तक विकत घ्या म्हणून आठवण यायची. सरकारी पैशानं चालणारं वाचनालय दुकानाची ओसरी झालं, अशी टीका तिथल्या ग्रंथपालांनीच केली. त्याआधी २००९ मध्ये हक्कांचा घोळ निघाला म्हणून याच कंपनीनं ऑर्वेलची पुस्तकं विकत घेतलेल्यांच्या यंत्रातून परस्पर पुसून टाकली होती. पैसे परत दिले, माफी मागितली, पण पुस्तक गेलं. जालन्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. जालना बियाण्यांची नगरी आहे. आजोबा कणगीतलं बी राखून पुढच्या वर्षी पेरायचे, आता दर हंगामाला नवी पिशवी घ्यावी लागते. कपाटातलं पुस्तक कणगीतलं बी आहे.

नावं आणि मोबाइल नंबरांचा मुद्दा मी शेवटी ठेवला होता, बैठकीत मात्र तोच सगळ्यांना लागला. ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्यात अटक झाली, घरातली पुस्तकं पोलिसांनी नेली. २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले, तोवर तीन वर्षं तुरुंगात गेली होती. आपल्या समाजात कोण काय वाचतं ही माहिती कधीच साधी नसते. त्यात आमच्या निम्म्या वाचक पोरी आहेत. एखादी आंतरजातीय विवाहाच्या कायद्यावरचं पुस्तक नेते, एखादी बाईच्या आरोग्यावरचं. ते आमच्या देवघेव वहीत लिहिलेलं असतं. ती वही विहारात असते, आणि कुणाला बघायची असेल तर विहारात येऊन आमच्या तोंडासमोर मागावी लागेल. कंपनीला दिलेली यादी कुठे ठेवली आहे, पुढे कुणाला विकली, हे आम्हाला कोण सांगणार?

आबांना उत्तर दिलं ते असं: आबा, तुम्ही पुस्तकं विकली ती दुकानदार म्हणून, पोत्यावर किंमत मांडून. घेणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं नाही. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याला उभ्या उभ्या वाचू दिलंत. तुम्ही वाचनालय असल्याचं कधी सांगितलं नाही. आबा म्हणाले, "उभ्यानं वाचणारे लई असायचे. कधी कधी त्यांचाच राग यायचा." सगळे हसले.

ऑनलाइनवर बहिष्कार टाका असं मी म्हणत नाही. पूर्वी एका पुस्तकासाठी औरंगाबाद गाठायचं तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जायची. आपल्या छोट्या प्रकाशकांनाही दूरचे वाचक या मार्गानं मिळाले. ज्याला घ्यायचं त्यानं खुशाल घ्यावं. वाचनालयानंही घ्यावं, स्वस्त मिळालं तर. सूट वाचनालयाच्या वहीत लिहावी आणि बैठकीत वाचून दाखवावी, एवढंच.

दुसऱ्या रविवारी मतं झाली. वाचकांची नावं द्यायची नाहीत, यावर सगळ्यांचे हात वर आले. लिंक लावायची नाही, हे मात्र नऊ विरुद्ध सहानं ठरलं. तो पोरगा अजून थोडा नाराज आहे, आणि त्याचा प्रश्न खराच आहे, कारण विजेच्या बिलासाठी आम्हाला पुन्हा घरोघर पावती पुस्तक घेऊन फिरावं लागलं. त्यालाच एक नवी वही दिली आहे, मागणीची. एकाच पुस्तकाला तीन नावं आली की ते वाचनालयानं घ्यायचं, जिथे स्वस्त असेल तिथून. पहिल्याच आठवड्यात तीन नावं भरली ती शासनाच्या खंड १८ च्या दुसऱ्या भागाला, बाबासाहेबांच्या मराठी भाषणांच्या. त्यासाठी दोनदा शहरात जाऊन आलो. अजून मिळालेला नाही.